मागच्या तुकड्यातला कचरा

आमच्या विद्यापीठातली पर्यावरण समिती माझ्या गळ्यात पडली, त्याचं कारण अगदी साधं होतं. त्या दिवशीच्या बैठकीत मी सोडून सगळ्यांकडे काही ना काही काम होतं. कोणाकडे परीक्षा, कोणाकडे वसतिगृह, कोणाकडे क्रीडास्पर्धा. मी नवीन, तासिका तत्त्वावर घेतलेली, वनस्पतिशास्त्राची, आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. समितीचे अध्यक्ष असलेले सर निवृत्तीला आलेले, स्वभावाने मऊ. ते म्हणाले, "तुमचा विषय झाडांचाच आहे, तेव्हा तुम्हीच बघा." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "बरं सर" म्हणून मिटलं.

घरी फोन केला तेव्हा आई पोटभर हसली. आम्ही घुग्घुसचे. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. घुग्घुसला सकाळी दोरीवर टाकलेली पांढरी बनियन संध्याकाळपर्यंत पांढरी राहत नाही. आई ओसरी दिवसातून दोनदा पुसायची, तरी दिवेलागणीला फरशीवर बोटाने नाव लिहिता यायचं. मी अक्षरं तशीच गिरवली आहेत, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना अजून सांगितलेलं नाही. आई म्हणाली, "घुग्घुसची पोरगी आता लोकायले पर्यावरन शिकवन. बरं हाय बाई."

समितीचं काम तोवर एवढंच होतं की पावसाळ्यात एक दिवस झाडं लावायची, फोटो काढायचा आणि झाडांना देवाच्या हवाली करायचं. खड्डे ठरलेले होते. शिपायाला ते पाठ होते. मी पहिल्याच वर्षी विचारलं की मागच्या वर्षीची झाडं कुठे आहेत, तर तो माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच माझा प्रश्न आगाऊ वाटला.

मुलींच्या वसतिगृहामागे अर्ध्या एकराचा एक तुकडा होता. कधीतरी इमारत बांधायची म्हणून तिथली झाडं तोडली होती, तारेचं कुंपण घातलं होतं आणि मग इमारत दुसरीकडेच गेली. कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधाव्यात इतपतच त्या जागेचा उपयोग उरला होता. एकदा संध्याकाळी मी तिथून जात होते आणि एका बुंध्याशी थबकले. त्याला वीतभर फुटवा आला होता. तेंदू. पलीकडे पळस. वाकून बघायला लागले तर मोहाची दोन रोपं, बोटभर उंचीची. जंगल रस्त्यापलीकडे होतं, ते रस्ता ओलांडून परत यायला बघत होतं. मी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तिथे उकिडवी बसून होते आणि खोलीवर गेल्यावर पायाला मुंग्या आलेल्या असतानाही मला आनंदाने जेवण जाईना.

पुढच्या बैठकीत मी प्रस्ताव मांडला की त्या तुकड्यात काहीही करायचं नाही. लावायचं नाही, कापायचं नाही, पाणी घालायचं नाही, फक्त येऊ द्यायचं. काहीच न करण्याचा ठराव मंजूर व्हायला पाऊण तास लागला. सरांनी दोनदा विचारलं, "पण इतिवृत्तात काय लिहायचं?"

दोन पावसाळे गेले. दर शनिवारी मी विद्यार्थ्यांना घेऊन जायची आणि काय काय आलं ते आम्ही वहीत लिहायचो. रोपांना पाट्या लावू, असं मुलं म्हणाली तर मी ऐकलं नाही. जंगलाला कशाला पाट्या, असा माझा तोरा. दुसऱ्या पावसाळ्यात चाराची सात रोपं सापडली. चार म्हणजे ज्याच्या बियांची चारोळी होते ते झाड. आमच्याकडे हल्ली चारं पिकायच्या आतच लोक झाडं ओरबाडून नेतात, त्यामुळे बी जमिनीवर पडून आपसूक उगवलेलं रोप दिसणं म्हणजे नशीब. त्या सात रोपांवर माझा जीव होता. खरं सांगायचं तर माझ्या लग्नाच्या बोलण्यांपेक्षा मी त्यांच्याविषयी जास्त बोलायची, असं आई म्हणते आणि त्यात खोटं काही नाही.

आता बाईंविषयी. आवाराच्या पुढच्या बागेत रोजंदारीवर एक बाई काम करत होत्या, पन्नाशीच्या आसपास. त्यांना सगळे बाईच म्हणत. सावली नावाच्या गावापलीकडे वैनगंगेच्या अंगाला त्यांचं गाव. नवरा तळ्यात आणि नदीत मासे धरायचा, थोडं धान होतं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, पहिल्या वर्षाला, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर. मायलेकी सकाळच्या बसने एकत्र यायच्या, दुपारी गेटजवळच्या कडुनिंबाखाली एका डब्यात जेवायच्या आणि संध्याकाळच्या बसने एकत्र जायच्या. मला आधी ते नुसतं गोड वाटायचं. मग एकदा बाईंनीच सांगितलं.

"तिच्या बापानं एकाच बोलीवर धाडलं तिले. मायसंग जावं, मायसंग यावं. माहं काम हाय म्हून पोरगी शिकून राह्यली, मॅडम. माहं काम गेलं का तिचं शिक्षन गेलं."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून हजेरीपुस्तकात बाईंची सही दिसली की मला हायसं वाटायचं.

बाई कमी बोलायच्या आणि त्यांचे हात थांबायचे नाहीत. गुलाबाच्या आळ्यात बसल्या की अर्ध्या तासात आळं असं व्हायचं की त्यात बसून जेवावं. एकदा त्यांनी मला विचारलं, "मागच्या वावरात काय पेरलं, मॅडम?"

"काहीच नाही, बाई. आपोआप येईल ते येऊ द्यायचं ठरवलंय."

बाई हसल्या. "आपोआप त कचराच येते."

मीही हसले. मला वाटलं, बाईंनी वसतिगृहाच्या मुलींना टोमणा मारला. खिडक्यांतून चिप्सची रिकामी पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, पाण्याचे पाउच वाऱ्याने उडून त्या तुकड्यात जायचे, रोपांना अडकायचे. मी मान डोलावली आणि तासाला गेले. त्या एका वाक्यात सगळं होतं आणि मी ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी, भादवा संपत आलेला असताना, कळलं की आवाराची पाहणी करायला बाहेरून पाहुणे येणार आहेत. आमचा तुकडा त्यांना मुद्दाम दाखवायचा असं सरांनी ठरवलं. ते आता सगळ्यांना तो दाखवायचे, जसा काही तो त्यांनीच पेरला होता, आणि मला त्याचं बरंच वाटायचं. नेमकं तेव्हाच मला दोन दिवस नागपूरला प्रशिक्षणाला जायचं होतं. प्रशिक्षणाचा विषय होता पर्यावरण रक्षणात स्थानिकांचा सहभाग. मी तो इथे सांगते आहे कारण मला स्वतःला चिमटा काढून घ्यायची खोड आहे.

गेटवर ऑटो उभा होता. बाई मोगऱ्याला आळी करत होत्या. मी ऑटोत एक पाय ठेवून ओरडले, "बाई, मागच्या तुकड्यात फार कचरा झालाय. पाहुणे यायच्या आत सगळा काढून टाका. अजिबात राहू देऊ नका."

"सगळा?" बाईंनी विचारलं.

"सगळा. वाटलं तर गावातून दोन-तीन बाया बोलवा. मी सरांना सांगते."

बाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर मला थोडं नवल दिसलं होतं, हे मला नंतर आठवलं. ऑटो सुटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग खोलीवर टाकायच्या आधीच मागच्या तुकड्याकडे गेले. तिथे जमीन होती. नुसती जमीन, सारवल्यासारखी. अर्ध्या एकरात हिरवं असं काही नव्हतं. एका कोपऱ्यात उपटलेल्या आणि कापलेल्या सगळ्याचे चार ढीग होते, नीट रचलेले, मुळं एका बाजूला आणि पानं एका बाजूला. आणि कुंपणाच्या तारेशी, वाऱ्याने ढकलल्यासारखी, चिप्सची पाकिटं आणि पाउच जसेच्या तसे पडून होते. ते कोणी उचलले नव्हते.

मी पहिल्या ढिगाशी बसले आणि हाताने उकरत गेले. चार सापडला. पानं सुकून वळली होती. मग दुसरा सापडला. पुढचे मी शोधले नाहीत.

बाई पाठीमागून आल्या. सोबत मुलगी होती, वही छातीशी धरून, तासाला निघालेली. बाईंच्या चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान होतं.

"चौघी लागलो, मॅडम. एक काडी नाई ठेवली."

माझा राग नाकावर असतो, हे घरी सगळ्यांना माहीत आहे. इथे कोणाला माहीत नव्हतं, ते त्या सकाळी झालं. मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. डोळे फुटले होते का तुमचे, असं म्हणाले. दोन वर्षं मातीत घातलीत माझी, असं म्हणाले. रोप कशाशी खातात ते ठाऊक नसेल तर बागेत कशाला येता, असंही म्हणाले, आणि ते एका अशा बाईला, जिने जन्मभर दुसरं काही केलं नव्हतं. मुलगी तिथेच उभी होती. ती जमिनीकडे बघत होती.

बाई एवढंच म्हणाल्या, "तुमीच त म्हनलं, कचरा काढा म्हून."

"हा कचरा होता?"

"मंग काय होता?"

त्यांनी हे उलटून म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण मी उत्तर द्यायला थांबले नाही. तशीच सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की त्या बाईने सगळं उपटून टाकलं. पाहुणे आठवड्यावर आले होते. सरांचा चेहरा उतरला. मऊ माणसं घाबरली की काय करतील सांगता येत नाही. त्यांनी फोन उचलला आणि कार्यालयात सांगितलं, "त्या बागेतल्या बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणावं. काढून टाका नाव." मी समोर होते. मी ऐकलं आणि गप्प राहिले. रागात मला ते बरोबरसुद्धा वाटलं.

संध्याकाळी खोलीवर चहा टाकला आणि आईला फोन लावला. माझं रडगाणं तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू काय म्हनली होती तिले? नेमकं सांग."

"म्हटलं, मागच्या तुकड्यातला सगळा कचरा काढा."

आई म्हणाली, "मंग काढला ना तिनं."

"आई, मी पन्न्यांबद्दल बोलत होते, त्या प्लास्टिकच्या."

"पन्न्यायले पन्न्या म्हनाव ना. कचरा म्हनजे कचरा. धानातला कचरा काढत नाई का आपन? मामीसंग बांधीत जाऊन बसायची तू, विसरली? कचरा काढाले जातो म्हनून माह्या आधी उठायची."

चहा उतू गेला तो तसाच जाऊ दिला.

मला आठवलं. चामोर्शीकडे आईचं माहेर. पावसाळ्यात आम्ही जायचो तेव्हा बाया सकाळीच निघायच्या, आणि कोणी विचारलं कुठी चालली, तर उत्तर एकच, कचरा काढाले. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, नको असलेलं जे काही उगवतं, ते सगळं म्हणजे कचरा. दुसरा शब्दच नव्हता. घरातल्या केराला केर म्हणायचे आणि प्लास्टिक तर तेव्हा त्या गावात फारसं पोचलंही नव्हतं. हा शब्द मला बोलता यायला लागल्यापासून येत होता. मग घुग्घुसची शाळा, नागपूर, तीन वर्षं पुणे. तिथे माझ्या बोलण्यातलं एकेक हसण्यावारी गेलं आणि मी एकेक सोडून दिलं. शब्द तोच राहिला आणि त्याच्यातला अर्थ कोणीतरी बदलून नेला, तो कधी नेला ते मला कळलंही नाही. तण या विषयावर मी चांगला तास घेते. मुलं टिपणं काढतात. आणि तणाला माझ्या आजोळात काय म्हणतात, हे मला माझ्या आईने फोनवर सांगावं लागलं.

मला लाज वाटली. बाईंनी सांगितलेलं काम बरोबर केलं होतं, शिवाय "सगळा?" असं विचारूनही घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या नाहीत. मी एक अर्ज लिहिला. सूचना मी दिली होती, सूचनेचा शब्द दोन अर्थांचा होता, बाईंनी त्याचा इथे चालतो तोच अर्थ घेतला, सबब चूक माझी, त्यांचं नाव पुन्हा घ्यावं. सरांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे फायलीला लागेल," ते म्हणाले. "उन्हाळ्यात तुमच्या नेमणुकीचा कागद याच कार्यालयातून जातो. तोंडी सांगितलंत ते मी ऐकलं. लिहून कशाला देता?"

"तोंडी सांगून बाईंचं नाव परत येईल?"

"तोंडी नाही येणार."

आणि मी, इतकी लाज वाटलेली मी, तो अर्ज परत घेतला. उद्या देते म्हणाले. कँटीनमध्ये जाऊन बसले आणि पुढच्या वर्षी तास मिळाले नाहीत तर काय, याचा विचार करत चहा प्यायले. हे मी कोणाला सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. पण तो चहा मला आजही आठवतो, म्हणून लिहिते.

एक वाजता माझा पहिल्या वर्षाचा तास होता. हजेरी घेताना मी त्या मुलीच्या क्रमांकाशी आले. तिसऱ्या बाकावर खिडकीजवळची जागा रिकामी होती. शेजारची मुलगी म्हणाली, "मॅडम, ते आता नाई येनार. तिच्या बाबानं नाई म्हनलं." मी क्रमांकापुढे फुली मारायला पेन टेकवलं आणि ते पुढे सरकेना. वर्ग सोडून दिला, सरळ सरांकडे गेले आणि अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासमोरच फोन करून कार्यालयात सांगितलं की बाईंना येऊ द्या. पुढच्या वर्षी मला तास कमी मिळाले. ते त्या अर्जामुळे की आणखी कशामुळे, मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. पाहुण्यांचं म्हणाल तर ते ठरल्या दिवशी आले. मी त्यांना मोकळी जमीन दाखवली आणि जे झालं ते सांगितलं. त्यातल्या एकांनी वहीत काहीतरी लिहिलं, मग सगळे चहाला गेले.

पण ते नंतर. अर्ज दिला त्या दिवशी मी दुपारचीच बस धरली आणि सावलीला उतरून पुढे ऑटोने बाईंच्या गावी गेले. घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात बाईंचा नवरा जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने मला ओळखलं नाही, पण मॅडम आहे एवढं कळलं असावं. उठून उभा राहिला आणि मुलीला हाक मारली. मुलगी आली, मला बघून थबकली आणि मग घागरीतलं पाणी घेऊन आली. बाई तळ्याच्या पाळीखाली दुसऱ्याच्या बांधीत मजुरीने गेल्या होत्या. आवारातलं काम गेलं, तर दुसऱ्या दिवशी त्या निंदायला लागल्या होत्या.

मुलगी मला घेऊन निघाली. पाळीवरून चालताना मी तिला म्हटलं, "आई रागावली असेल माझ्यावर."

 ती म्हणाली, "रागावली नाई, मॅडम. तिले लाज वाटली. आमच्या गावात तिच्यासारखं निंदन कोनाचं नाई. लोकं मुद्दाम तिले बोलावते. कामाले आजपर्यंत कोनी नावं नाई ठेवली तिच्या." आणि पुढे, "तिनं काल मले विचारलं का मॅडम काऊन रडत होत्या. मले सांगता नाई आलं."

मी रडत होते हे मला माहीत नव्हतं.

बांधीत सात-आठ बाया ओळीने वाकून पुढे सरकत होत्या. यंदा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, उशिरा झाला होता, धान पोटरीएवढं होतं. बाई कडेला होत्या. मी बांधावरून हाक मारली. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, पदर सावरला आणि पुन्हा खाली बघून काम सुरू केलं. ओळ सोडून एकटीने बाहेर यायचं नसतं. मी चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. बायांमध्ये खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, "मॅडम फोटो काढाले आली का वो?"

मी बाईंच्या बाजूला जाऊन वाकले.

"बाई, चूक माझी होती. मी तसं लिहून दिलंय. तुमचं नाव परत घेतलंय. उद्यापासून या."

बाई निंदत राहिल्या.

"मला पन्न्या म्हणायच्या होत्या. मी कचरा म्हणाले. माझं आजोळ चामोर्शीकडचं, मला हे कळायला पाहिजे होतं."

"पन्न्या?" बाईंचे हात पहिल्यांदा थांबले. "त्या त आमी बाजूले केल्या होत्या. मले वाटलं, पोरी कायले तरी ठेवून राह्यल्या."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही येईल असं वाटलं. बाई पुन्हा कामाला लागल्या. मग स्वतःहून म्हणाल्या, "तेंदू येईन. त्याचं मूळ का निघते? वरून कापलं का अजून चांगलं फुटते ते. पळसबी येईन." आणखी दोन पावलं पुढे सरकून, "चाराचं नाई सांगता येत. तो नाजूक हाय. मले कोनी सांगितलं असतं त नसता काढला."

"मीच सांगितलं नव्हतं."

त्या निंदत पुढे सरकल्या. मला उभं राहवेना आणि निघवेनाही, म्हणून मी वाकून निंदू लागले. धानाच्या बुडाशी धानासारखंच दिसणारं गवत येतं. दोन्हींची पाती सारखी, रंग सारखा. फरक एवढाच की धानाच्या पात्याच्या बुडाशी बारीक केसाळ कान असतात आणि त्या गवताला नसतात. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवते. चिखलात कान दिसत नाहीत. मी गवताची एक चूड धरली, ओढली, मुळासकट निघाली. मला बरं वाटलं. दुसरी धरली, तीही निघाली. तिसरी काढली आणि हातातल्या दोन्हींसोबत ठेवून पुढे जाणार, तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं.

त्यांनी त्या चुडी माझ्या हातातून हळूच सोडवून घेतल्या. एकेक वेगळी केली. चिखलात अंगठा रुतवून भोक पाडलं, मुळं आत ठेवली, दोन बोटांनी चिखल दाबला. मग दुसरी. मग तिसरी. त्यांनी आजूबाजूला बघितलं. पलीकडच्या बाया आपसात बोलत होत्या. मग बाई माझ्या कानाशी झुकल्या आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे धान हाय, मॅडम."

 मी त्यांच्या मुलीसमोर त्यांना काय काय बोलले होते, ते सगळं मला ऐकू येत होतं.

"लागते ते," बाई म्हणाल्या. "ओल हाय, मरत नाई." आणि त्यांनी माझ्यापुढचं धान स्वतःच्या ओळीत घेतलं, म्हणजे मला नुसतं सोबत चालावं लागेल. बांधाच्या टोकाशी आल्यावर त्यांनी कंबर सरळ केली, हाताचा चिखल पाण्यात विसळला आणि पाळीवर उभ्या असलेल्या मुलीकडे बघत मला विचारलं, "उद्या पोरीचा पयला तास किती वाजता हाय?"

"अकराला."

"मंग साडेनवाची गाडी धराव लागन," बाई म्हणाल्या.